यकृतपेशी, दोन जीवनसत्त्वे आणि एक प्रबंध : बडोद्यातील पीएच.डी.चा अनुभव

नोव्हेंबर २०२५ मध्ये माझी मौखिक परीक्षा झाली आणि ‘क’ व ‘ई’ या जीवनसत्त्वांचा यकृतपेशींमधील प्रथिनांच्या ऑक्सिडीकरणावर काय परिणाम होतो, या विषयावरचे माझे पीएच.डी.चे काम संपले. हे काम चालू असताना मला अनेकदा वाटे की, कुणीतरी हे आधी मराठीत लिहून ठेवायला हवे होते. शोधनिबंधात पद्धती चार ओळींत उरकलेली असते. पण त्या चार ओळी हाताला बसायला किती आठवडे जातात, कोणत्या सहीसाठी कुठे ताटकळावे लागते आणि आकडे अपेक्षेच्या अगदी उलट आले की मनाची काय अवस्था होते, याचा त्यात मागमूस नसतो. जीवरसायनशास्त्रात या वाटेने निघालेल्या विद्यार्थ्यांसाठी मी घडले त्या क्रमाने लिहीत आहे.

माझी नोंदणी डिसेंबर २०२१ मधली. त्यामुळे मला विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१६ चे नियम लागू होते : किमान तीन वर्षे, कमाल सहा वर्षे, सुरुवातीला कोर्सवर्क, दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण आणि प्रबंध सादर करण्याआधी किमान एक शोधनिबंध प्रकाशित व दोन परिषदांत वाचन. निबंधाची ही सक्ती २०२२ च्या नियमांत राहिलेली नाही. तेव्हा आपल्या नोंदणीपत्रावरची तारीख पाहून आपल्याला कोणते नियम लागू आहेत, याची विभागाकडून लेखी खात्री करून घ्यावी. आमच्याकडे या प्रश्नावर दोन टेबलांवर दोन उत्तरे मिळाली आणि शेवटी कुलसचिव कार्यालयाचे पत्र हातात पडेपर्यंत जवळजवळ दोन महिने गेले. सल्लागार समितीच्या प्रत्येक बैठकीच्या इतिवृत्ताची सही झालेली प्रत त्याच दिवशी मागून घ्यावी, कारण प्रबंध सादर करताना सगळ्या प्रती एकत्र लागतात आणि तोवर समितीतील एखादे सदस्य निवृत्त झालेले असतात.

पैशांचे म्हणायचे तर, गुजरात शासनाच्या ‘शोध’ योजनेतून मला दोन वर्षे दरमहा १५,००० रुपये आणि इतर खर्चासाठी वर्षाला २०,००० रुपये मिळाले. मी बडोद्यातच आईवडिलांकडे राहत असल्यामुळे घरभाड्याचा प्रश्न नव्हता, नाहीतर या रकमेत निभावणे अवघड गेले असते. प्रयोगांचा मोठा खर्च मॅडमच्या, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांच्या, प्रकल्प निधीतून झाला.

विषय ठरवताना मॅडमनी विचारले होते, “सगळे जण मेदाच्या ऑक्सिडीकरणाकडे बघतात. प्रथिनांचे काय होते?” त्या प्रश्नाने मला धरून ठेवले. पेशीत तयार होणारी क्रियाशील ऑक्सिजन संयुगे प्रथिनांवर आदळली की काही अमिनो आम्लांच्या शाखांवर कार्बोनिल गट तयार होतात. लायसिन, आर्जिनिन, प्रोलिन आणि थ्रिओनिन ही त्यातली मुख्य. ऑक्सिडीकरणाने प्रथिनातल्या गंधकाच्या अणूंमध्ये जुळणारे डायसल्फाइड बंध पेशी पुन्हा सोडवू शकते. कार्बोनिल मात्र एकदा झाले की मागे फिरत नाही. ते प्रथिन मोडून टाकणे एवढाच मार्ग उरतो, आणि ते वेळेवर मोडले गेले नाही तर त्याचे गोळे साचतात. म्हणूनच पेशीवर ऑक्सिडीकरणाचा किती ताण पडला, हे कार्बोनिलच्या मोजणीवरून कळते. या शास्त्राचा पाया ज्यांनी घातला, त्या अमेरिकेतील अर्ल स्टॅडमन आणि रॉडनी लेव्हिन यांचे जुने निबंध मी कोर्सवर्कच्या काळात वाचले, आणि त्यातली एक गोष्ट पुढे फार उपयोगी पडली : प्रथिनाचे मुद्दाम ऑक्सिडीकरण घडवण्यासाठी त्यांनी परीक्षानळीत जे मिश्रण वापरले, त्यात लोह, ऑक्सिजन आणि चक्क ‘क’ जीवनसत्त्व होते.

यकृतच का, याचीही कारणे आहेत. शरीरातले जादा लोह मुख्यतः यकृतात साठते, औषधे व मद्य यांचा निचरा तिथेच होतो, आणि आहारातून आलेल्या ‘ई’ जीवनसत्त्वाच्या निरनिराळ्या रूपांमधून अल्फा-टोकोफेरॉल निवडून रक्तात पाठवणारे खास वाहक प्रथिनही यकृतपेशींतच असते. उंदरांवर काम करायचे की पेशींवर, यावर पहिल्या बैठकीत बराच वेळ चर्चा झाली. प्राण्यांच्या प्रयोगांसाठी संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची परवानगी लागते आणि त्यात सहज सहा महिने जातात; पण आमचा निर्णय झाला तो निराळ्या कारणाने. उंदीर आपल्या यकृतात ‘क’ जीवनसत्त्व स्वतः तयार करतो, माणूस करू शकत नाही. ज्या गोष्टीचा परिणाम पाहायचा तीच प्राण्याच्या शरीरात आपोआप तयार होत असेल, तर निष्कर्षाला धार राहत नाही. म्हणून ‘हेप-जी-टू’ ही मानवी पेशीमालिका ठरली. अर्जेंटिनातील एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या यकृताच्या गाठीपासून ती १९७० च्या दशकात अमेरिकेत तयार झाली.

पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या पेशीभांडारातून मागवल्या. मागणी अर्ज, संस्थाप्रमुखांच्या सहीचा सामग्री हस्तांतरण करार आणि संस्थेच्या जैवसुरक्षा समितीचे पत्र, एवढी कागदपत्रे आम्ही जोडली. यात पुण्याकडून उशीर झाला नाही. उशीर झाला तो आमच्याच इमारतीत. “सही बाकी छे” हे वाक्य मी २०२२ च्या पावसाळ्यात इतक्यांदा ऐकले की, नंतर मी फाइलवर पेन्सिलने तारीख आणि टेबल लिहून ठेवू लागले. ही सवय आपणही लावून घ्यावी, कारण फाइल कुठे आहे हे आपल्यालाच सांगता आले तर कारकूनही मनापासून मदत करतात. पेशी कुरिअरने आल्या. फ्लास्क गळ्यापर्यंत मीडियमने, म्हणजे पेशी वाढवण्याच्या पोषक द्रावणाने, भरलेला असतो आणि प्रवासात पुष्कळशा पेशी तळापासून सुटलेल्या दिसतात. त्या पाहून घाबरू नये. फ्लास्क एक रात्र इन्क्युबेटरमध्ये तसाच स्थिर ठेवला की बहुतेक पेशी पुन्हा बसतात. पहिल्या वाढीतूनच जास्तीत जास्त कुप्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवाव्यात. हे काम मॅडमनी माझ्याकडून इतर सगळ्या प्रयोगांच्या आधी करून घेतले.

खरेदीची कहाणी लांबवत नाही. तीन दरपत्रके, तुलनात्मक तक्ता, खरेदी समिती, पुरवठा आदेश, आणि माल आल्यावर बिलाच्या पाठीवर साठा नोंदवहीचा पान क्रमांक : हा क्रम चुकला की बिल परत येते. पेशींच्या मीडियममध्ये घालायच्या, गोवंशाच्या गर्भाच्या सिरमची आयात केलेली ५०० मिलिलिटरची एक बाटली मला इतर खर्चासाठी वर्षभरात मिळणाऱ्या रकमेपेक्षा महाग पडली. सगळा प्रयोग एकाच लॉटच्या सिरमवर करायचा असल्यामुळे पुरेशा बाटल्या एकदमच घ्याव्या लागतात. दुसरी काळजी डीएनपीएच या रसायनाची. कार्बोनिल मोजायचे ते याच्याच साहाय्याने. कोरडे डीएनपीएच स्फोटक असल्यामुळे ते सुमारे तीस टक्के पाणी मिसळूनच विकले जाते. बाटलीवरचा पाण्याचा आकडा पाहून वजनाचा हिशेब करावा आणि पावडर कधीही वाळवू नये.

जानेवारी २०२३ पासून मोजणीची पद्धत बसवायला घेतली. पेशी फोडून मिळालेल्या प्रथिनात डीएनपीएचचे २ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लातले द्रावण घालून तासभर अंधारात ठेवायचे आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी ढवळायचे. मग ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाने प्रथिन खाली बसवायचे, इथेनॉल आणि एथिल ॲसिटेट समप्रमाणात घेऊन ते निदान तीनदा धुवायचे, शेवटी ६ मोलर ग्वानिडीनमध्ये विरघळवायचे आणि ३७० नॅनोमीटरला वाचन घ्यायचे. २२,००० या मोलर शोषण गुणांकाने भागले की, दर मिलिग्रॅम प्रथिनामागे किती नॅनोमोल कार्बोनिल आहेत ते कळते. हे वाचायला सोपे आहे. प्रत्यक्षात सगळी परीक्षा त्या धुण्यात असते. नळीच्या तळाशी साबुदाण्याएवढे पिवळट पेलेट, म्हणजे खाली बसलेले प्रथिन, असते. वरचे द्रावण जोरात ओतले तर तेही घसरून जाते, आणि बेताने ओतले तर मोकळे डीएनपीएच मागे राहून आकडा फुगतो. मी पिपेटचे टोक नळीच्या पेलेट नसलेल्या बाजूला टेकवून, नळी उजेडासमोर तिरपी धरून, द्रावण अगदी हळूहळू ओढून घेऊ लागले. धुण्यातला पिवळेपणा डोळ्यांना दिसेनासा झाल्यावरही आणखी एकदा धुवावे. प्रत्येक नमुन्याची दुसरी नळी डीएनपीएचशिवाय, नुसत्या आम्लात ठेवायलाच हवी, आणि प्रथिनाची मोजणी धुण्याच्या आधी न करता शेवटी त्या जोडनळीतून करावी, कारण धुताना काही प्रथिन वाहून जातेच. पेशींच्या अर्कात न्यूक्लिइक आम्ले राहिली तर त्यांचेही कार्बोनिल मोजले जातात. ती स्ट्रेप्टोमायसिन सल्फेटने आधी काढावी लागतात. एकाच नमुन्याच्या तीन नळ्यांचे आकडे एकमेकांजवळ यायला लागले तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी सुरू झाली होती, आणि त्या दिवशी मी घरी नेहमीपेक्षा लवकर गेले.

‘ई’ जीवनसत्त्वाचे काम तुलनेने सरळ गेले. अल्फा-टोकोफेरॉल पाण्यात विरघळत नाही. ते इथेनॉलमध्ये घेऊन, काळ्या कुपीत, वर नायट्रोजन भरून ठेवायचे, आणि दर वेळी २९२ नॅनोमीटरला वाचन घेऊन ते शिल्लक आहे ना हे पाहायचे. तुलनेसाठी फक्त तेवढेच इथेनॉल दिलेल्या पेशींचा कंट्रोल अर्थातच हवा. पेशींना एक दिवस आधी टोकोफेरॉल देऊन मग टर्ट-ब्यूटिल हायड्रोपेरॉक्साइड या ऑक्सिडीकरण घडवणाऱ्या रसायनाचा मारा केला की, कार्बोनिलची वाढ स्पष्टपणे कमी होत असे. दोन्ही एकाच वेळी दिली तर फरक जवळजवळ दिसत नसे. याचे कारण समजून घेण्यात मला खरा आनंद मिळाला. टोकोफेरॉल पेशीच्या पडद्यात जाऊन बसते आणि मेदाच्या ऑक्सिडीकरणाची साखळी तोडते. ती साखळी चालू राहिली तर हायड्रॉक्सिनोनेनालसारखी अल्डिहाइडे तयार होतात आणि ती प्रथिनांना चिकटून स्वतःचा कार्बोनिल गट त्यांच्यावर ठेवून जातात. म्हणजे ‘ई’ जीवनसत्त्व प्रथिनाचे रक्षण करते ते बरेचसे आडवाटेने, मेदाच्या मार्फत. आणि पडद्यात पोहोचायला त्याला वेळ द्यावा लागतो.

‘क’ जीवनसत्त्वाने मात्र २०२३ ची दिवाळी आणि पुढचे काही महिने माझी झोप घालवली. कमी मात्रेत कार्बोनिल किंचित घटत, आणि १ मिलिमोलरच्या आसपास ते हायड्रोपेरॉक्साइड न देताही वाढत. संरक्षण करणारे म्हणून सगळ्यांना ठाऊक असलेले जीवनसत्त्व एकटेच प्रथिने बिघडवत होते. घरी आईने दोनदा विचारले की, तब्येत बरी आहे ना. मॅडमनी आकड्यांकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, “पेशींना दोष देण्याआधी मीडियमला विचार.” हे वाक्य माझ्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणाचे बीज ठरले.

मीडियमच्या बाटलीवरची घटकांची यादी मी तेव्हा प्रथमच ओळ न ओळ वाचली. डीएमईएम या सर्रास वापरल्या जाणाऱ्या मीडियममध्ये ‘क’ जीवनसत्त्व मुळीच नसते, ‘ई’ जीवनसत्त्व असलेच तर सिरममधून येणारे थोडेसे, आणि फेरिक नायट्रेट मात्र दर लिटरला ०.१ मिलिग्रॅम असते. लोहाच्या सान्निध्यात ॲस्कॉर्बिक आम्लाचे, म्हणजेच ‘क’ जीवनसत्त्वाचे, मीडियममध्येच ऑक्सिडीकरण होते आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. म्हणजे स्टॅडमन-लेव्हिन यांचे ते मिश्रण माझ्या प्लेटमध्ये आपोआप जमून आले होते. याची पडताळणी करण्यात २०२४ चा उन्हाळा गेला. पेरॉक्साइड मोडणारे कॅटलेज हे विकर घातल्याबरोबर जास्त मात्रेतली वाढ नाहीशी झाली. १ मिलिमोलर पायरुवेट असलेल्या मीडियममध्ये ती फार कमी झाली, कारण पायरुवेट पेरॉक्साइडशी अभिक्रिया करून त्याला संपवते. आणि डीएमईएम पायरुवेटसह व पायरुवेटशिवाय, दोन्ही प्रकारांत विकले जाते. ज्यात फेरिक नायट्रेट नसते त्या एमईएम मीडियममध्ये चित्र पुन्हा निराळे दिसले. ॲस्कॉर्बिक आम्लाऐवजी त्याचे सावकाश मोकळे होणारे फॉस्फेट रूप दिले तेव्हा संरक्षण टिकले, आणि ‘ई’ सोबत दिले तर ते एकट्या ‘ई’पेक्षा चांगले दिसले. ऑक्सिडीकरण झालेल्या टोकोफेरॉलला ॲस्कॉर्बेट पूर्ववत करते, या जुन्या निरीक्षणाशी हे जुळणारे आहे. निरोगी माणसाच्या रक्तद्रवात ‘क’ जीवनसत्त्व साधारण ५० ते ८० मायक्रोमोलर असते. शोधनिबंधांत त्याच्या दसपट मात्रा दिसल्या तर मीडियम कोणते होते आणि कॅटलेजचा कंट्रोल होता का, हे मी आता आधी पाहते. बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, धातूंचे अंश आहेत का, हे ओळखायची एक स्वस्त चाचणी प्रत्येक प्रयोगशाळेत करता येते : बफरमध्ये ताजे ॲस्कॉर्बिक आम्ल घालून २६५ नॅनोमीटरला पाव तास वाचन पाहत राहावे. ते भराभर उतरले तर बफर धातूयुक्त आहे.

पुनरावृत्तीचे प्रयोग चालू असतानाच ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीला पूर आला. कमाटीबागेच्या आसपासचा भाग, आमच्या प्रयोगशाळेकडे येणारा रस्ता, सगळेच पाण्याखाली गेले आणि वीज बंद झाली. आमची खोली वरच्या मजल्यावर असल्यामुळे आत पाणी आले नाही, पण इन्क्युबेटर थंड पडला, उणे ८० अंशांचा फ्रीजर हळूहळू तापला आणि आम्ही घरी बसून फक्त वाट पाहू शकत होतो. रस्ते मोकळे झाल्यावर गेलो तेव्हा वाढत्या पेशी मेल्या होत्या. गोठवलेले अर्क वरवर ठीक दिसत होते. तरी मॅडमनी ते सगळे टाकून द्यायला लावले, कारण वितळलेल्या नमुन्यात ऑक्सिडीकरण चालूच राहते आणि त्यातला कार्बोनिलचा आकडा मग पेशींचा राहत नाही. ते नमुने टाकताना मला रडू आवरले नाही. द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीला विजेची गरज नसते, त्यामुळे सुरुवातीला गोठवलेल्या कुप्या सुखरूप होत्या आणि ऑक्टोबरपर्यंत प्रयोग पुन्हा उभे राहिले. प्रत्येक अर्काचे अर्धे भाग दुसऱ्या इमारतीतील फ्रीजरमध्ये ठेवण्याची पद्धत आम्ही तेव्हापासून सुरू केली. मुदतवाढीचा अर्ज लागला नाही, तरी पुराचा उल्लेख असलेले विभागप्रमुखांचे पत्र मी जपून ठेवले.

शोधनिबंध लेखकाकडून शुल्क न घेणाऱ्या नियतकालिकाकडे पाठवला आणि परीक्षकांच्या दोन फेऱ्यांनंतर तो २०२५ च्या सुरुवातीला स्वीकारला गेला. त्यानंतर पूर्वसादरीकरण, सारांश, परीक्षकांची नावे आणि मजकूर दुसरीकडून उचललेला नाही ना हे पाहणारी साधर्म्य तपासणी. या तपासणीत दहा टक्क्यांपर्यंत साधर्म्य चालते. पद्धतींच्या प्रकरणात नेहमीची वाक्ये आल्यामुळे आकडा वाढतो. ते प्रकरण सुरुवातीपासून स्वतःच्या शब्दांत लिहिणे एवढाच उपाय आहे. प्रबंध जूनमध्ये सादर केला. छपाई आणि बांधणीचा खर्च प्रतीमागे सातशे रुपयांच्या घरात गेला. रावपुऱ्यातील दुकानदाराने मुखपृष्ठावरच्या सोनेरी अक्षरांचे प्रूफ दाखवल्याशिवाय काम पुढे नेले नाही, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. परीक्षकांचे अहवाल यायला मात्र चार महिन्यांहून अधिक काळ लागला आणि त्या काळात करण्यासारखे काहीच नसते. मी रोज पोर्टल पाहणे बंद करून आठवड्यातून एक दिवस ठरवला, तेव्हा थोडी शांतता मिळाली.

मौखिक परीक्षेत बाह्य परीक्षकांनी विचारले, “मग यकृताच्या रुग्णाने या गोळ्या घ्याव्यात का?” मी सांगितले की, माझ्या पेशी या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाहीत. त्या गाठीपासून आलेल्या आहेत आणि त्यांची अँटिऑक्सिडंट विकरे निरोगी यकृतासारखी नाहीत. माणसांवरचा पुरावा वेगळा वाचावा लागतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पिवेन्स’ चाचणीत मधुमेह नसलेल्या, मद्याशी संबंध नसलेल्या मेदयुक्त यकृतदाहाच्या प्रौढ रुग्णांना ९६ आठवडे रोज ८०० युनिट ‘ई’ जीवनसत्त्व दिले गेले आणि ४३ टक्क्यांमध्ये यकृताच्या ऊतींत सुधारणा दिसली. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १९ टक्के होते. पण २०११ मध्ये ‘सिलेक्ट’ या चाचणीत रोज ४०० युनिट घेणाऱ्या निरोगी पुरुषांत पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक आढळला. तेव्हा कोणत्या रुग्णाला, किती काळ, हे डॉक्टरांनी ठरवायचे आहे. परीक्षकांनी पुढचा प्रश्न पायरुवेटवर विचारला आणि त्यावर आम्ही बराच वेळ बोललो.

पदवीची अधिसूचना महिन्याभरात निघाली. त्याआधी ग्रंथालयाचे, वसतिगृहाचे (मी कधीही तिथे राहत नसतानाही) आणि रसायन भांडाराचे ना-हरकत दाखले, तसेच गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ भांडारासाठी प्रकरणवार पीडीएफ फायली द्याव्या लागल्या. कार्बोनिल मोजणीची पूर्ण कृती, धुण्याच्या बारकाव्यांसह आणि मीडियमच्या तुलनेच्या तक्त्यासह, प्रबंधाच्या पहिल्या परिशिष्टात दिली आहे, आणि आमच्या प्रयोगशाळेत यंदा आलेली नवी विद्यार्थिनी सध्या त्याच पानांवरून काम करते आहे.